मागील एक्सलचे बिघाड (हेवी-ड्यूटी पिकअप)

मोठा ट्रेलर ओढणाऱ्या आणि जड माल वाहणाऱ्या पिकअप ट्रकच्या मागील एक्सलमधील बेअरिंग व गिअर झिजणे, त्यांचा मेळ बिघडणे किंवा ते तुटणे. फोर्ड एफ-२५०, एफ-३५० किंवा राम २५००, ३५०० या अमेरिकी गाड्या या वर्गातल्या. मालासह त्यांचे अनुज्ञेय वजन साधारण ३,८५६ ते ६,३५० किलोपर्यंत असते. ट्रेलरचा भार त्यावर वेगळा.

इंजिनाची शक्ती प्रोपेलर शाफ्टमधून, म्हणजे गाडीखालच्या लांब फिरत्या दांड्यातून, पिनियन या छोट्या गिअरकडे आणि पिनियनकडून चाके फिरवणाऱ्या मोठ्या क्राऊन व्हीलकडे जाते. पिनियनचे १० आणि क्राऊनचे ४१ दात असले, तर क्राऊनच्या एका फेऱ्यात पिनियन ४.१ वेळा फिरतो. हे गिअर हायपॉइड जातीचे असतात, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने मोटारीत आणलेल्या या रचनेने गाडीची बैठक खाली आली आणि दातांना बळ मिळाले. पण हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, मोठ्या दाबाखाली घासतही जातात. म्हणून त्यांना गंधक-फॉस्फरसयुक्त जीएल-५ दर्जाचेच तेल लागते. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ म्हणून मागतात ते तेल याच कुळातले. मात्र डब्यावरचा दर्जा वाचल्याशिवाय ते ओतू नये.

दात तुटलेला क्राऊन समोर आला की दोष गिअरला दिला जातो. पुष्कळ वेळा हा निवाडा चुकीचा असतो, कारण सुरुवात बेअरिंगपासून झालेली असते. पिनियन दोन टेपर रोलर (निमुळत्या रुळांच्या) बेअरिंगांवर फिरतो आणि ती ठरावीक ताणाने, म्हणजे प्रीलोडने, आवळलेली असतात. चढावर भार आला की पिनियन क्राऊनपासून दूर रेटला जातो. उताराला अॅक्सिलरेटर सोडला की तो उलट आत ओढला जातो. बेअरिंग झिजून प्रीलोड गेला, तर प्रत्येक चढ-उताराला पिनियन पुढे-मागे सरकू लागतो. दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते. इतक्या सूक्ष्म मेळात थोडे सरकणेही महागात पडते. संपर्क दाताच्या मध्यावरून कडेला जातो, भार चिंचोळ्या पट्टीवर येतो आणि पृष्ठभागाचे टवके उडतात. ते टवके तेलातून फिरून उरलेली बेअरिंगेही खातात. पिनियनचे पुढचे बेअरिंग विशेष जपावे लागते. क्राऊनने उडवलेले तेल त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते, त्यामुळे सील गळून पातळी उतरली की उपासमार आधी त्याची होते.

निदान कानाने सुरू होते. भार देताना किंवा सोडताना ठरावीक वेगाला उठणारी सुरेल शिट्टी दातांच्या मेळाकडे बोट दाखवते. सतत घरघर, आणि तीही वळणावर कमी-जास्त होणारी, असेल तर चाकाचे बेअरिंग आधी तपासावे. गिअर बदलताना ‘खट्’ असा धक्का बसला तर बॅकलॅश वाढलेला असू शकतो, पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा लवचीक सांधा, झिजल्यावरही तसाच आवाज येतो. त्यामुळे क्रॉस हलवून पाहिल्याशिवाय एक्सल उघडू नये. तेल काढल्यावर चुंबकावर राखाडी लगदा दिसणे स्वाभाविक आहे, पत्र्यासारखे कण नव्हे. तेल दुधाळ झाले असेल, तर पाणी शिरले आहे.

या गाड्यांत बहुतेक करून फुल-फ्लोटिंग एक्सल असतो. वजन हबमधली (चाकाच्या मध्यभागातली) बेअरिंगे पेलतात आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, हा मोठा आधार. पण हबचे सील फाटले तर तेल ब्रेकवर उतरते, आणि ते तातडीने थांबवायला हवे.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलतात आणि सोबत बेअरिंगेही नवी घालतात. जुन्या बेअरिंगांवर नवी जोडी बसवणे ही सर्वांत खर्चिक काटकसर आहे. पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरवून, दातांना रंग लावून संपर्काचा ठसा पाहतात. ठसा मध्यावर येईपर्यंत पुन्हा उघडावे लागते, त्याला इलाज नाही. नवी जोडी आधी रिकाम्या गाडीत थोडी चालवून थंड होऊ देतात, ट्रेलर लगेच जोडत नाहीत. साधारण ८०० किलोमीटरनंतर पहिले तेल काढून टाकतात.