वाऱ्याचा वेग आणि क्षेत्राची दिशा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याने दिशा बदलली की पवनचक्कीचे तोंडही हळूहळू तिकडे वळते; ते वळले नाही तर वारा कितीही सोसाट्याचा असला तरी वीज मिळत नाही. सूर्याकडून सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहणाऱ्या सौरवाऱ्याच्या बाबतीतही दिशा निर्णायक ठरते, मात्र ती वाऱ्याची नव्हे, तर त्याच्याबरोबर वाहत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा सूर्याकडील बाजूस दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. सौरवाऱ्यातील क्षेत्रही उत्तराभिमुख असेल, तर बराचसा वारा आपल्याला वळसा घालून निघून जातो. ते दक्षिणाभिमुख असेल, तर परस्परविरुद्ध रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि वाऱ्यातील ऊर्जेला आत शिरायला वाट मिळते. जोडलेल्या रेषा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला ओढल्या जातात, तिथे ताणून पुन्हा तुटतात आणि विद्युतभारित कणांना पृथ्वीकडे ढकलतात. या कणांमुळे विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो आणि जमिनीवरील क्षेत्र क्षीण करतो. हेच भूचुंबकीय वादळ. क्षेत्र काही मिनिटे दक्षिणेकडे झुकले तर फारसे बिघडत नाही. ते तासन्‌तास तसेच राहिले, तर मोठे वादळ उठते.

मे २०२४ मध्ये असेच घडले. हान्लेच्या वेधशाळेतून या वादळामुळे लडाखच्या आकाशात उमटलेली तांबडी आभा टिपली गेली. इकडे महाराष्ट्रात आकाशात काही दिसले नाही, पण क्षेत्राची घट ४०० नॅनोटेस्लाच्या घरात गेली, म्हणजे साताऱ्यासारख्या ठिकाणच्या आडव्या (जमिनीला समांतर) क्षेत्राच्या सुमारे एक टक्का. होकायंत्राच्या सुईकडे पाहून हे कळणार नाही. त्यासाठी अलिबागसारखी वेधशाळा लागते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मोजमाप तिथे हलवले गेले, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. त्याच कुलाब्यात १८५९ च्या प्रचंड वादळाची नोंद झाली होती.

खरी अडचण पूर्वसूचनेची आहे. सूर्यावरून द्रव्याचा लोट निघालेला दुर्बिणीतून दिसतो, पण त्यातील क्षेत्र पृथ्वीपाशी कोणत्या दिशेचे असेल, हे दुरून खात्रीने सांगता येत नाही. ते प्रत्यक्ष मोजण्यासाठी जानेवारी २०२४ पासून आपले आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला आहे. वेगवान सौरवारा तिथून पृथ्वीवर पोहोचायला जेमतेम अर्धा तास लागतो.