पार्श्वभूमी : ती गोळी सगळ्यांना का चालत नाही

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात एकाच गल्लीत कॅन्सरचे दोन पेशंट आहेत. एकाला रक्ताचा, सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया). तो दुपारी जेवण झालं की ग्लासभर पाण्यासोबत इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतो आणि कपाशीला पाणी द्यायला निघतो. दुसऱ्याला तोंडाचा. वीस वर्षं खर्रा खाल्लेला. त्याचा अर्धा जबडा काढला, शेक (रेडिएशन) दिला, आता तो वाटीनं पातळ वरण ओढतो. माझं मेडिकलचं दुकान असल्यानं प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊ, थे गोळी आमच्या बुढ्याले काऊन नाही लिहून देत डॉक्टर?"

उत्तराची सुरुवात एका कोंबडीपासून होते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. अर्कात विषाणू होता. त्यातला एकच जीन, सार्क, पेशीला बिघडवायला पुरेसा आहे हे कळायला पुढची साठेक वर्षं गेली. पण सार्कचं प्रथिन पेशीत नेमकं करतं काय?

ते सापडलं १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये, आणि थोडं आळसामुळे. पेशीत निरोप पोचवायची एक रीत अशी: कायनेज नावाची प्रथिनं दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतात. फॉस्फेट बसला की बहुतेक वेळा काम सुरू, निघाला की बंद. हा फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनीन या दोनच अमिनो आम्लांवर बसतो, असं तोवर मानलं जायचं. तिथले संशोधक टोनी हंटर यांनी ते तपासताना अमिनो आम्लं वेगळी करायला लागणारं द्रावण, म्हणजे बफर, नवा बनवायचा कंटाळा केला आणि जुनाच वापरला. वापरून वापरून त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. त्यामुळे अमिनो आम्लांचे नेहमी एकात एक मिसळणारे दोन ठिपके वेगळे झाले, आणि अनोळखी ठिपका निघाला टायरोसिनचा. ताजा बफर असता तर तो ठिपका थ्रिओनीनच्या ठिपक्यात दडून राहिला असता. सार्कचं प्रथिन टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारं कायनेज होतं. माणसात अशी टायरोसिन कायनेजं ९० आहेत, आणि पेशीनं कधी वाढायचं याचे बरेचसे निरोप त्यांच्याच हातात असतात.

दुसरा धागा रक्ताचा. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम (गुणसूत्र) दिसला. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर क्रोमोसोमचे फोटो कापून जुळवले. पोरं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते. ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. त्या जोडावर तयार होणारं बीसीआर-एबीएल हेही टायरोसिन कायनेजच, पण कायम चालू. आपल्याकडे मोटरचा स्टार्टर चिकटतो ना, लाल बटण दाबलं तरी पाणी येतच राहतं, तसं.

मग स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निक लायडन, युर्ग झिमरमन वगैरेंनी असा रेणू, म्हणजेच इमॅटिनिब, घडवला, जो या कायनेजच्या खाचेत जाऊन बसतो. तिथं एरवी एटीपी नावाचा रेणू बसतो आणि फॉस्फेट पुरवतो. जागा अडली की पुरवठा थांबला. पेशंट थोडे म्हणून कंपनी कचरत होती. ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर मागे लागले म्हणून गाडी पुढे सरकली. जून १९९८ मध्ये पहिल्या पेशंटला औषध दिलं. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आमच्या गल्लीपर्यंत ती गोळी पोचली त्याला मात्र कायदाही कारण आहे. २०१३ च्या सुमारास मूळ ब्रँडची किंमत महिन्याला लाखाच्या वर होती, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून नोव्हार्टिसचा (सिबा-गायगीचीच पुढची कंपनी) पेटंटचा दावा फेटाळला. कंपनी बऱ्याच पेशंटना फुकट औषध द्यायची, हेही सांगायला हवं.

आता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात वर्षानुवर्षं धरला की बिघाड एका जागी होत नाही. पेशीला आवर घालणारे पी-५३सारखे जीन निकामी होतात, कुठे ईजीएफआर नावाचं टायरोसिन कायनेज वाजवीपेक्षा जास्त होतं. ईजीएफआरला बाहेरून अडवणारं सेटुक्सिमॅब आहे, इंजेक्शनातून देतात, तोंडाच्या कॅन्सरमध्येही वापरतात. पण इमॅटिनिबनं सीएमएलमध्ये केलं तसं काम ते इथं करत नाही. हरवलेल्या ब्रेकच्या जागी गोळी बसवता येत नाही.

हे सगळं बुढ्याच्या बायकोला स्टार्टरच्याच भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "मंजे त्याचा स्टार्टर चिकटला, अन् आमची वायरिंगच जळली." मी मान हलवली. तिनं गुळण्यांचं औषध पिशवीत टाकलं; सोमवारी बुढ्याला पुन्हा नागपूरला दाखवायला न्यायचं आहे.