ठाण्यातली बॅनरबाजी आली कुठून?

तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलात की एकदा मोजून बघा, किती चेहरे आपल्याकडे बघून हसत असतात. वाढदिवस, नियुक्ती, दहीहंडी, हार्दिक अभिनंदन आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो. कॉलेजच्या पोरांना वाटतं ठाणे असंच होतं पहिल्यापासून. नव्हतं हो, हे सगळं जेमतेम वीस-पंचवीस वर्षांतलं आहे.

आधी भिंती रंगायच्या. निवडणूक जवळ आली की चुना मारून भिंत अडवून ठेवायची आणि मग त्यावर निशाणी काढायची. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले (१९९० ते ९६) तेव्हा याला जरा वचक बसला, आणि १९९५ मध्ये महाराष्ट्राने मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखायचा कायदाच केला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दोन हजारांचा आकडा लक्षात ठेवा.

बॅनर म्हणजे तेव्हा मांजरपाट. नौपाड्यात आमच्या घराजवळ एक पेंटर काका होते, ते कापड भिंतीवर ताणून खिळे ठोकायचे, खडू लावलेली दोरी ओढून टणकन सोडली की सरळ रेघ उमटायची, त्यावर ऑइल पेंटने अक्षरं, आणि शेवटी वारा जायला कापडाला अर्धगोल काप द्यायचे. आम्ही शाळेतून येताना बघत उभे राहायचो. एका बॅनरला त्यांचा अख्खा दिवस जायचा, त्यामुळे खरंच काही सांगायचं असेल तोच बॅनर करून घ्यायचा.

२००० नंतर फ्लेक्स बोकाळला आणि सगळा हिशोबच बदलला. पीव्हीसीचा शीट, मोबाइलवरून पाठवलेला फोटो, संध्याकाळी सांगितलं की रात्री दहा बाय वीसचा बॅनर चौकात उभा, लाकडी पट्ट्यांची फ्रेम आणि बायंडिंग वायरने थेट झाडाला नाहीतर विजेच्या खांबाला आवळलेला. छपाईलाच हजार-दोन हजार जातात तिथे १९९५ चा तो दंड कोणाला लागणार, लोक तो जागेचं भाडं समजून धरूनच चालतात. आणि कार्यक्रम संपला तरी तो शीट कुजत नाही, फाटून नाल्यात जातो.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ मध्ये याविरुद्ध जनहित याचिका केली, हायकोर्टाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा बॅनर-होर्डिंगविरुद्ध सविस्तर निकालही दिला. तरी आज कुठल्याही नाक्यावर जाऊन बघा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हे होतं १२० बाय १२०! नुसतं डोळ्यांना खुपतं म्हणून सोडून द्यायचा विषय नाहीये हा, हे त्या दिवशी तरी कळायला हवं होतं.

नवी मुंबईचं मला जास्त वाईट वाटतं. सिडकोने १९७० पासून आखून वसवलेलं शहर, सेक्टर, मोठे रस्ते, सगळं जागच्या जागी, आणि वाशीच्या चौकातही तेच चेहरे.

ब्राझीलमधल्या साओ पावलोने २००७ पासून होर्डिंग सरसकट बंद केली, हजारो उतरवली, शहर काही बुडालं नाही. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही हे मान्य, पण छापखान्यापासून सुरुवात करता येईल ना. परवानगी नंबर आणि उतरवायची तारीख बॅनरवर नसेल तर छापणाऱ्यालाही दंड, आणि तो चौरस फुटावर, दिवसागणिक वाढणारा. आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी कंपाउंडवर आणि गेटसमोरच्या झाडावर कोणाचाच बॅनर नाही असा ठराव केला, गणपतीत दोन-तीन जण रागावले, आम्ही ऐकलं नाही. झाडाच्या खोडातून तेव्हा एकवीस खिळे निघाले.