फ्रीमाँट: पाच गावठाणांचे एक शहर

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहरात नव्याने राहायला गेलेल्या माणसाला या शहराचे मूळ गावठाण कोठे, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर असे की तेथे एक नव्हे, तर पाच गावठाणे आहेत. मिशन सॅन होजे, नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे २३ जानेवारी १९५६ रोजी कायद्याने एक झाली आणि फ्रीमाँट जन्माला आले.

गावे कोठे वसावीत हे जमिनीने आधीच ठरवले होते. पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठची खाजणे आणि मिठागरे, पूर्वेला सुमारे ७६७ मीटर उंचीच्या मिशन शिखराची डोंगररांग आणि मध्ये सपाट, सुपीक पट्टा. अलामीडा हा ओढा नाइल्सच्या खिंडीतून बाहेर पडतो आणि आपल्याबरोबर आणलेली वाळू व गोटे पंख्याच्या आकारात पसरतो. याच गाळात भूजल साठते. पूर्वी वाळू-खडीसाठी खणलेल्या खाणी आज तळी झाल्या असून त्यांतून पाणी पुन्हा जमिनीत मुरवले जाते.

येथील मूळ रहिवासी ओलोनी लोक. उपसागराकाठच्या कायोटी टेकड्यांजवळ त्यांच्या वस्तीच्या खुणा आजही जपल्या आहेत. ११ जून १७९७ रोजी स्पॅनिश पाद्री फर्मिन लासुएन यांनी डोंगराच्या पायथ्याशी मिशन सॅन होजे हे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र स्थापन केले. मिशनची शेती आणि गुरे मूळ रहिवाशांच्या श्रमांवर वाढली. गोवरासारख्या नव्या रोगांनी त्यांच्यातील असंख्य लोक दगावले आणि हजारो ओलोनींचे दफन जवळच्या स्मशानभूमीत झाले. शहराचा इतिहास चर्चच्या घंटेपासून नव्हे, तर या लोकांपासून सांगायला हवा, असे मला मनापासून वाटते. १८३० च्या दशकात, कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या ताब्यात असताना, तेथील सरकारने मिशनच्या जमिनी काढून घेतल्या, आणि त्यांतील बराचसा भाग मोठ्या जमीनदारांकडे गेला. १८४८ नंतर सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी मिशनचे गाव रसद घेण्याचा थांबा बनले.

२१ ऑक्टोबर १८६८ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपात मिशनचे मातीच्या विटांचे चर्च कोसळले. आज दिसणारी वास्तू म्हणजे १९८५ मध्ये पूर्ण झालेली त्याची प्रतिकृती आहे. हा धक्का हेवर्ड प्रस्तरभंगाचा होता. भूस्तरातील ही भेग आजच्या शहराच्या मधून जाते आणि भूकंप नसतानाही तिच्या दोन्ही बाजू अतिशय संथपणे सरकत राहतात, म्हणून काही ठिकाणी पदपथाच्या कडा वाकलेल्या दिसतात. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणाऱ्या खंडपार रेल्वेचा उपसागराकडे जाणारा मार्ग नाइल्सच्या खिंडीतून पूर्ण झाला आणि नाइल्सचे महत्त्व वाढले. तेथे एसानी कंपनीचा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला. १९१५ मध्ये चार्ली चॅप्लिन यांनी तेथे काही मूकपट केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीची लाट दक्षिणेकडे सरकू लागली. शेजारची शहरे आपल्या हद्दी वाढवून शेतजमिनी गिळंकृत करतील, तेव्हा नियोजनाचा अधिकार आपल्याच हाती असावा, या विचाराने पाच गावे एकत्र आली. शेजारच्या न्यूआर्कने मात्र १९५५ मध्येच वेगळे शहर होणे पसंत केले, त्यामुळे ते आज चहूबाजूंनी फ्रीमाँटच्या हद्दीने वेढलेले आहे. नव्या शहराचे नाव शोधप्रवासी आणि लष्करी अधिकारी जॉन फ्रीमाँट यांच्यावरून पडले. पाच गावांमधल्या मोकळ्या शेतांत नवे मध्यवर्ती केंद्र उभारण्याची योजना आखली गेली; ते केंद्र आकाराला यायला दशके लागली.

१९६० च्या दशकात जनरल मोटर्सचा कारखाना आला. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये त्याच जागेत टोयोटाबरोबरचा भागीदारीतील कारखाना सुरू झाला. २०१० मध्ये तोही बंद झाला आणि आज तेथे टेस्लाच्या मोटारी बनतात. बार्ट ही उपसागराभोवतालच्या शहरांना जोडणारी स्थानिक रेल्वे १९७२ मध्ये फ्रीमाँटपर्यंत पोहोचली. पुढे सिलिकॉन व्हॅलीतील नोकऱ्यांमुळे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली. त्यांत मराठी घरेही बरीच आहेत. सेंटरव्हिलमध्ये अफगाण लोकांची वस्ती इतकी वाढली की त्या भागाला ‘छोटे काबूल’ म्हणू लागले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,३०,५०४ भरली. तरीही पत्ता विचारला तर जुना रहिवासी आधी गावाचे नाव सांगतो, आणि नाइल्समागच्या डोंगरावर आजही मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘नाइल्स’ असेच लिहिलेले आहे.