पहाटेचा बलून आणि वडगावचं कापड

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतलं एक जोडपं तुर्कस्तानातल्या कापाडोकियाच्या दऱ्यांत फिरून आलं आणि गल्लीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पडला, सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेलाच, खाली भुईतून उगवल्यासारखे दगडाचे सुळके, आभाळ गुलाबी आणि त्यात पन्नास-साठ रंगीत बलून तरंगतायत. सगळ्यांनी बदाम टाकले, नाइस-नाइस झालं. आमचे काका मात्र, ज्यांची चाळीस वर्षं बेळगावच्या वडगावात पावरलूमच्या खडखडाटात गेली, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, "कापड कसलं रे त्ये?"

मला उत्तर येत नव्हतं. मग शोधत गेलो आणि लक्षात आलं की काकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय, बलूनची गोष्ट सुरूच कापड आणि कागदापासून होते, दऱ्या-बिऱ्या फार नंतर येतात.

फ्रान्सच्या दक्षिण भागात आनोने नावाचं गाव, तिथे मोंगोल्फिए नावाचं कागद बनवणाऱ्यांचं घराणं. त्यातले जोसेफ आणि एतिएन हे दोघे भाऊ, यांनी बघितलं की जाळावर धरलेली कागदाची-कापडाची पिशवी वर जाते. आपल्याकडे शेकोटीवर कागदाचा कपटा वर जाताना लाखो पोरांनी बघितला असेल, पण यांच्या घरात कागदाचा कारखानाच होता ना, त्यामुळे त्यांनी पिशवी मोठी करत करत नेली. ४ जून १७८३ ला गावच्या चौकात लोकांसमोर उडवली. बाहेरून गोणपाटासारखं जाड कापड, आतून कागदाचे थर, आणि हे तुकडे एकमेकाला जोडायला चक्क १८०० बटणं! शर्टाला लावतो तशी. हे ऐकून काका जे हसले की बस. तरी तो फुगा दहाएक मिनिटं हवेत राहिला आणि दोनेक किलोमीटरवर जाऊन पडला. (तेव्हा इकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे, वय वर्षं ९, आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात, सालबाईचा तह होऊन वर्षच झालेलं.)

गंमत म्हणजे फुगा का उडतो हे त्या भावांना कळलेलंच नव्हतं. त्यांना वाटायचं धुरातच काहीतरी खास वायू आहे, म्हणून ते मुद्दाम ओला पेंढा आणि लोकर जाळायचे, जितका घाण धूर तितकं चांगलं. खरं कारण साधं, हवा तापली की फुगते, पातळ होते, तेवढ्याच जागेत कमी वजनाची हवा मावते आणि मग भोवतालची थंड जड हवा तिला वर ढकलते. पण चुकीच्या समजुतीवर बरोबर वस्तू तयार होते असं कधीकधी होतं, आमच्या कारखान्यात पण झालंय.

१९ सप्टेंबर १७८३ ला व्हर्सायला राजा सोळावा लुई आणि राणीच्या समोर प्रयोग झाला आणि त्यात पहिले प्रवासी बसले: एक मेंढी, एक बदक, एक कोंबडा. आठ मिनिटं उडाले, तीनेक किलोमीटर गेले, तिघंही जिवंत. नंतर माणूस बसवायचा म्हटल्यावर राजाचं म्हणणं असं की आधी तुरुंगातले दोन गुन्हेगार चढवा, मेले तर मेले. पण पिलात्र द रोझिए नावाच्या तरुण मास्तरला ते पटलं नाही, हा मान गुन्हेगारांना कशाला? मग २१ नोव्हेंबर १७८३ ला तो आणि मार्की दार्लांद असे दोघे पॅरिसवरून साधारण २५ मिनिटं उडाले. वर लटकवलेल्या जाळात हाताने पेंढा घालायचा आणि कापडाला ठिणगी लागून भोक पडलं की ओल्या स्पंजाने विझवायचं, असा तो प्रवास. माणसाचं पहिलं मोकळं उड्डाण ते हेच. १७८५ च्या जूनमध्ये हाच पिलात्र इंग्लंडच्या खाडीवरून जायच्या प्रयत्नात मेला, खाली जाळाचा आणि वर हायड्रोजनचा असा जोडफुगा केला होता त्याने. जाळाच्या डोक्यावर हायड्रोजन! आज शाळेतलं पोर पण सांगेल काय होणार ते.

आणि इथेच गरम हवेचा फुगा जवळपास संपला. कारण १ डिसेंबर १७८३ लाच, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर दहा दिवसांत, शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजनचा बलून माणसासकट उडवला आणि तो कितीतरी जास्त वेळ टिकायचा, सतत जाळ घालायची कटकट नाही. पुढची पावणेदोनशे वर्षं गॅसचीच. आपल्याकडे १८८९ मध्ये रामचंद्र चटर्जी कलकत्त्यात बलूनमधून वर गेले, पहिले भारतीय बलूनवाले म्हणून त्यांचं नाव घेतात, तोही गॅसचाच जमाना.

गरम हवेला पुन्हा उभं केलं ते अमेरिकेत एड योस्टने, आणि परत तेच, कापड आणि जाळ. अमेरिकी नौदलाच्या संशोधन खात्याला पुन्हापुन्हा वापरता येईल असा, एका माणसाला नेणारा बलून पाहिजे होता. योस्टने नायलॉनचं कापड घेतलं आणि पेंढ्याच्या जागी प्रोपेनचा बर्नर लावला, म्हणजे घरातल्या सिलिंडरचाच भाऊबंद. २२ ऑक्टोबर १९६० ला नेब्रास्कातल्या ब्रुनिंग गावाजवळ तो एका फळीवर बसून उडाला, टोपली वगैरे काही नाही. पण आता नुसती कळ दाबून जाळ कमीजास्त करता येत होता, हे सगळ्यात महत्त्वाचं. १९७२ मध्ये अमेरिकेतच अल्बुकर्कीला १३ बलूनांचा मेळावा भरला, तो पुढे जगातला सगळ्यात मोठा बलून मेळावा झाला.

आता काकांचं उत्तर. बलूनचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं आणि विण अशी की दर काही मिलिमीटरला उभ्या-आडव्यात एक जाड धागा येतो, बारीक चौकडी दिसते. कुठे फाटलं तर फाट त्या जाड धाग्यापर्यंत जाते आणि थांबते. वरून हवा पाझरू नये म्हणून लेप. तोंडाजवळचा पट्टा वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा, कारण बर्नरची ज्वाळा तिथेच. नायलॉन सव्वादोनशे डिग्रीच्या पुढे वितळतं, बलूनच्या माथ्याशी हवा १००-१२० डिग्रीपर्यंतच ठेवतात. काकांनी लगेच विचारलं किती लागतं. चार-पाच माणसांचा मध्यम बलून म्हणजे पोटात साधारण २८०० घनमीटर हवा, गोल धरला तर वरचं कापड हजार चौरस मीटरच्या जवळ. त्यांनी एका जुन्या बिलाच्या मागे हिशोब मांडला असता पण कागद सापडेना म्हणून पेपरच्या कडेला मांडला, साडेपाच मीटरची साडी, सव्वा वाराचा पन्ना, आणि म्हणाले दीडशे-पावणेदोनशे लुगडी गेली की यात! टोपली अजून वेताचीच विणतात बरं का, प्लास्टिक-फायबर आलं तरी, कारण उतरताना जमिनीवर आपटते तेव्हा वेत दबतो आणि परत उभा राहतो.

मग दऱ्या कुठून आल्या यात? कापाडोकियाचा दगड म्हणजे ज्वालामुखीची राख. एर्जियेस, हसनदाग या डोंगरांनी लाखो वर्षं राख ओकली, ती थर थर बसून मऊ दगड झाला, त्याच्यावर कुठेकुठे कडक बसाल्टची टोपी. पाऊस-वाऱ्याने मऊ भाग झिजला, टोपीखालचा राहिला, तेच ते सुळके, तिथले लोक त्यांना परीची धुराडी म्हणतात. मऊ म्हणजे किती, तर माणसांनी छिन्नीने घरं कोरली, चर्च कोरली, खताला विष्ठा मिळावी म्हणून कबुतरांची खुराडी कोरली, डेरिन्कुयूला तर जमिनीखाली अख्खं गाव. ताजा कापला की मऊ आणि हवा लागली की कडक होतो, हे वाचलं आणि म्हटलं हा तर आपल्या जांभ्याचा पाहुणा. खानापूरकडे घर बांधलेल्या कुणालाही विचारा, खाणीतून निघालेला चिरा सुरुवातीला कसा कापतात आणि दोन उन्हाळे गेल्यावर कसा होतो.

तरी फार काळ तिथे कुणी फिरायला जात नव्हतं. १९२३ नंतर ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये लोकांची अदलाबदल झाली, तिथले ग्रीक ख्रिश्चन गेले, चर्च ओस पडली. १९८५ मध्ये कापाडोकियातल्या गोरेमेचं नाव युनेस्कोच्या यादीत आलं. बलूनचा धंदा सुरू झाला तो १९९१ च्या सुमारास, तोही एका परदेशी पायलट जोडप्याने. म्हणजे ज्याला आपण त्या दरीची ओळख समजतो ते जेमतेम पस्तीस वर्षांचं, आमच्या गल्लीतली कित्येक मंगल कार्यालयं जुनी असतील त्याच्यापेक्षा.

आणि पहाटच का, हा माझा आवडता भाग. जाहिरातीत सांगतात सूर्योदयासाठी. सूर्योदय दिसतो हे खरं पण तो फुकटात मिळतो, कारण वेगळं आहे. बलूनला ना स्टेअरिंग ना ब्रेक, वारं नेईल तिकडे. रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, दरीत तर ती पाण्यासारखी उताराने हळूहळू वाहते. वर शंभर-दोनशे मीटरवर वारं दुसऱ्याच दिशेला असू शकतं. पायलट काय करतो, तर खाली उतरून दरीच्या वाऱ्याबरोबर सुळक्यांमधून जातो, मग जाळ मारून वर चढतो आणि दुसरं वारं पकडून मागे येतो. गियर नाही, नुसता जिना. ऊन वर आलं, जमीन तापली की उकळत्या चहासारखे हवेचे उमाळे वर यायला लागतात, तेव्हा उतरणं धोक्याचं. शिवाय गार हवेत बलून जास्त ओझं उचलतो, आतली हवा १०० डिग्रीला असेल तर बाहेर ५ डिग्री असताना प्रत्येक घनमीटरमागे ३०० ग्रॅमच्या वर, आणि बाहेर ३० डिग्री असताना २२० च्या आतबाहेर. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय, आमच्या बंबाचा धूर बघ की. पहाटे सरळ जातोय, नवाला शेजाऱ्याच्या वाळवणावर." तुर्कस्तानच्या विमान खात्याचं रोज पहाटे हेच चाललेलं असतं, वारं बघून हिरवा, पिवळा, लाल बावटा. लाल लागला की पैसे परत, हॉटेलवर जाऊन झोपा. चिडतात लोक, पण चिडू नये. २६ फेब्रुवारी २०१३ ला इजिप्तमध्ये लक्सरला बलून पेटून १९ जण गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कापाडोकियात दोन बलून एकमेकांवर आदळून माणसं मेली. जाळ तो जाळच.

मे २०२५ नंतर आमच्याकडे तुर्कस्तानची बुकिंगं पटापट कॅन्सल झाली, भारत-पाकिस्तान चकमकीत त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून, आणि मग ग्रुपवर नवा विषय, आपल्याकडे का नाही? दगड तर आपल्याकडे त्याहून जुना. बेळगावपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास बदामी, लाल वाळूचा दगड, तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा इसवी सन ५७८ चा शिलालेख. गोकाकला घटप्रभा तसल्याच वाळूच्या दगडावरून ५२ मीटर खाली पडते. हंपीचे गोटे तर विचारूच नका. पण दगड असून भागत नाही, माणूस, परवानगी, उतरायला मोकळं रान आणि वर्षातले पुरेसे शांत दिवस लागतात. आमच्या इथे जून ते सप्टेंबर येळ्ळूरगडावर उभं राहून बघा, छत्री राहते का हातात. आणि गावाच्या कडेला सांबऱ्याला एअरफोर्स आणि विमानतळ, तिथे मनाला येईल तसं तरंगून कसं चालेल.

तरी एक गोष्ट अभिमानाची. गरम हवेच्या बलूनमधून सगळ्यात उंच जायचा विक्रम विजयपत सिंघानियांचा, २६ नोव्हेंबर २००५, मुंबईहून उड्डाण, २१,०२७ मीटर, वय ६७. रेमंडवाले. म्हणजे कापडवालेच! काकांनी हे तीनदा वाचून दाखवायला लावलं.

गेल्या महाशिवरात्रीला कपिलेश्वराच्या जत्रेतून नातीसाठी माशाच्या आकाराचा पन्नीचा गॅसचा फुगा आणला होता. पायलट लोक उडायच्या आधी छोटा फुगा सोडून वारं बघतात हे मी बोलून गेलो होतो, ते काकांच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मला माडीवर हाक. मासा जरा मलूल झालेला, तारा नाहीत तिकडच्या कठड्याला गेलो आणि काकांनी दोरा सोडला. कठड्यापासून वर सरळ, अगदी सरळ, नारळाच्या शेंड्याच्या वर गेला आणि तिथे एकदम अंग वळवून अनगोळच्या दिशेने निघाला. "बघिटलास? वरचं वारं येगळं," काका म्हणाले, इतके खूश की खालून नातीचं रडणं सुरू झालेलं त्यांना बराच वेळ ऐकूच आलं नाही.