बटण दिसतं, पण दबत नाही

लग्नसराईत नागपूरच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत डोकावलं, तर दोन-चार लग्नांचा डेटा मॅकमध्ये मावत नाही ही तक्रार ऐकायला मिळते. मॅकची डिस्क २५६ जीबी, कॅमेऱ्यातल्या कच्च्या (रॉ) फाईल्सचा ढीग त्याच्या कितीतरी पट. मग क्लाउड स्टोरेजचं ॲप टाकलं जातं. ते टाकताना मॅक परवानगीचं ‘अलाऊ’ बटण दाखवतो आणि कधीकधी ते दबतच नाही. असं का, ते पाहू. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाईल्स दाखवणाऱ्या खिडकीत, एक नवी डिस्क उगवते आणि तिच्यात सगळे फोल्डर दिसतात, पण जागा जवळपास काहीच खात नाहीत. इतवारीतला धान्याचा व्यापारी दुकानात मूठभर नमुना ठेवतो, पोती कळमन्याच्या गोदामात असतात, तसंच हे आहे. फाईलचं नाव, तारीख, आकार इथे. खरा मजकूर सर्व्हरवर. फाईल उघडली की मगच तो उतरतो.

दिसायला सोपं, करायला अवघड. फोटोशॉप फाईल मागतं ते क्लाउडच्या ॲपकडे नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे. ‘या डिस्कवरची फाईल दे’ ही मागणी कर्नलच पुरी करतो. आता डिस्कच काल्पनिक असेल, तर तिच्या वतीने उत्तर द्यायला कर्नलमध्ये कुणीतरी हवं. म्हणून क्लाउडवाल्या कंपन्या वर्षानुवर्षं आपला कोडचा तुकडा थेट कर्नलमध्ये बसवत आल्या. त्याला म्हणतात कर्नल एक्स्टेंशन, बोलीभाषेत केक्स्ट.

कर्नलमध्ये बसलेल्या कोडला अडवणारं वर कुणी नसतं. साधं ॲप कोसळलं तर तेवढं ॲप बंद पडतं. केक्स्ट चुकला तर अख्खा मॅक कोसळून रिस्टार्ट होतो. आणि त्याची नियत वाईट असेल, तर तुमची प्रत्येक फाईल, प्रत्येक कळ त्याच्या हाती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक झोपवले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते याच कारणाने: तो कोड कर्नलमध्ये चालत होता. मॅक त्या दिवशी शाबूत राहिले.

ॲपलने या दारावर पहारा बसवला २०१७ मध्ये, मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे मॅकओएसच्या, हाय सिएरा आवृत्तीपासून. नवा केक्स्ट आला की सिस्टिम त्याला अडवते आणि मालकाने सेटिंगमध्ये जाऊन ‘अलाऊ’ म्हटल्याशिवाय आत सोडत नाही. ‘सिस्टिम एक्स्टेंशन ब्लॉक्ड’ ही खिडकी म्हणजे बिघाड नव्हे, पहारेकऱ्याची विचारणा. गंमत अशी, की केक्स्टसाठीचं हे बटण सूचना आल्यापासून फक्त अर्धा तास दिसतं. सूचना आली, आपण ‘ओके’ म्हणून चहाला गेलो, परत आलो तर बटण गायब! अशा वेळी ॲप पुन्हा उघडायचं; खिडकी येणार नाही, पण सेटिंगमध्ये बटण परत उगवतं.

बटण समोर आहे आणि तरी दबत नाही, ही तऱ्हा मात्र जास्त मजेशीर. धरमपेठेतल्या एका अल्बम डिझायनरने फोनवर सांगितलं ते असं: “दादा, मघापासून दाबून राहिलो, पण दबूनच नाही राहिलं.” बटण करडं नव्हतं, पासवर्ड टाकून झाला होता. करिझ्मा अल्बमची पानं लावणारी ही मंडळी माऊसला फारसा हात लावत नाहीत, सगळं काम पेन टॅबलेटवर. मी म्हटलं, पेन बाजूला ठेव आणि मॅकच्या ट्रॅकपॅडवर बोटाने दाब. पहिल्याच फटक्यात दबलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. क्लिक दोन प्रकारचं असतं. एक, माऊस किंवा ट्रॅकपॅडमधून येणारं. दुसरं, एखाद्या प्रोग्रामने ‘इथे क्लिक झालं असं समज’ म्हणून सिस्टिमला कळवलेलं. पेन टॅबलेटचा ड्रायव्हर पेनच्या टोकाच्या हालचालीवरून बऱ्याचदा हे दुसऱ्या प्रकारचं क्लिक तयार करतो. माऊसची बटणं बदलून देणारी छोटी ॲप्सही तेच करतात. एरवी फरक जाणवत नाही. परवानगीच्या बटणावर मात्र मॅकओएस असं बनवलेलं क्लिक सरळ कानाआड करतं. नाहीतर पहाऱ्याला अर्थच काय? घुसखोर प्रोग्राम स्वतःच ‘अलाऊ’ दाबून मोकळा होईल. २०१५ मध्ये एका जाहिरातखोर प्रोग्रामच्या इन्स्टॉलरने पासवर्ड साठवणाऱ्या किचेनची परवानगी नेमकी अशीच, स्वतः बटण दाबून मिळवली होती.

पुढे २०१८ च्या डेफ कॉन परिषदेत सुरक्षा संशोधक पॅट्रिक वॉर्डल यांनी या पहाऱ्यातली फट दाखवली. कोड कॉपी करताना त्यांच्याकडून ‘बटण दाबलं, बटण सोडलं’ याऐवजी ‘दाबलं, दाबलं’ असं राहून गेलं आणि हाय सिएराने ते खरं क्लिक मानलं! सरळ मार्गाने येणारं नकली क्लिक अडवणारा पहारा चुकीच्या कोडला फसला.

आता पुण्याचा मुलगा नागपूरच्या बाबांचा मॅक रिमोटने दुरुस्त करू पाहतो तेव्हा काय होतं, ते सांगायला नको. त्याचं क्लिकही मॅकच्या लेखी बनवलेलंच. तिथे बाबांनाच म्हणावं, “तुम्हीच दाबा.”

बाकीची कारणं किरकोळ. ॲप डाउनलोड्समधूनच चालवलं असेल तर ते ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये न्या. कर्नलच्या बाहेर राहून काम करणारी नव्या धाटणीची सिस्टिम एक्स्टेंशन्स दुसरीकडून सुरूच होत नाहीत. मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून परवानगीची जागा सेटिंगमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत अगदी खाली आहे, नंतरच्या सिक्वोया आवृत्तीत काही एक्स्टेंशन्स जनरलमधल्या लॉगिन आयटम्सजवळ गेली आहेत. मिहानमधल्या कंपनीने दिलेला मॅक असेल तर किल्ल्या आयटी विभागाकडे. तिथे आपण कितीही दाबा. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर केक्स्ट हवाच असेल, तर मॅक बंद करून पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं आणि सुरक्षेची पातळी उतरवावी लागते. रिकव्हरीत, म्हणजे मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये, जाऊन हा सगळा पहाराच बंद करणाऱ्या कमांड लोक एकमेकांना पाठवत असतात. एका ॲपसाठी तसलं काही करू नका.

आधी ॲपची ताजी आवृत्ती टाकून पाहा, कारण कदाचित केक्स्टची गरजच उरलेली नसेल. ॲपलने फाईल प्रोव्हायडर नावाची सोय दिली आहे: कर्नलमधलं काम ॲपलचा कोड करतो, क्लाउडचं ॲप बाहेर राहून फाईल पुरवतं. मार्च २०२२ च्या मॅकओएस १२.३ आवृत्तीपासून ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्हला याच वाटेने जावं लागलं. या वाटेने आलेल्या फाईल्सचा पत्ता मात्र होम फोल्डरमधल्या लायब्ररीत, क्लाउडस्टोरेजमध्ये असतो. जुन्या पत्त्यावरून जोडलेले फोटो अल्बमच्या पानांवर ‘मिसिंग’ दिसू लागतात, म्हणून हा बदल ऐन डिलिव्हरीच्या आदल्या रात्री करू नये.