मागाचा खडखडाट इअरबडला का आवरत नाही?

आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या एका पॉवरलूमवाल्याच्या पोरानं नॉइज कॅन्सलेशनवाले, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजानं मारणारे, इअरबड घेतले आणि म्हणतो, आता कारखान्यात कान सेफ. नाही रे बाबा, फॅनची घरघर जाईल, धोट्याची (मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो) खटखट नाही जायची!

हेडफोनवाल्यांचं बाहेरच्या आवाजाशी नातं तसं गमतीशीरच. 1910 मध्ये अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविननं चक्क स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते नेव्हीनं घेतले, 1958 ला कॉस कंपनीनं स्टिरिओ हेडफोन आणला, आणि 1968 ला सेनहायझर कंपनीनं एचडी 414 ह्या हेडफोनचे कप मागून मुद्दाम उघडेच ठेवले, बाहेरचं सगळं ऐकू येतं पण गाणं मोकळं वाटतं, ते तुफान खपले.

पॉल ल्यूग ह्या जर्मन माणसाची आयडिया बरोबर उलटी. आवाज म्हणजे हवेचा दाब वरखाली होणं, मग तेवढाच उलटा दाब सोडा, बेरीज शून्य. त्याला 1936 मध्येच अमेरिकन पेटंट मिळालं, पण बोस कंपनीचा पायलटांसाठीचा असा हेडसेट यायला 1989 उजाडलं.

अडतं कुठं, तर वेळेत. माइकनं आवाज पकडायचा, चिपनं उलटवायचा, स्पीकरनं सोडायचा, ह्यात समजा 0.1 मिलिसेकंद उशीर झाला. 100 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 100 आवर्तनांच्या, घरघरीचं एक आवर्तन 10 मिलिसेकंदांचं, म्हणजे चूक फक्त शंभराव्या भागाची, चालतंय. पण 5000 हर्ट्झला आवर्तनच 0.2 मिलिसेकंदांचं, तिथं तोच उशीर अर्ध्या आवर्तनाचा, म्हणजे उलटी लाट फिरून सुलटी झाली आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला! झोका थांबवायला गेलात आणि हात उशिरा लागला की झोका उलट जोरात जातो, तसंच. म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीचं काम चिपकडं देतच नाहीत, तिथं कानात घट्ट बसणारं रबरच कामाला येतं. घरघर एकसारखी चालते म्हणून पुढचा अंदाज तरी बांधता येतो, धोट्याचा ठोका पडतो अचानक आणि त्यात खालच्या-वरच्या सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात.

 

85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास म्हणजे कानाला धोका, आणि मागांच्या खोलीत त्याहून जास्तच असतो. तिथं फोमचे प्लग वापरा, बोटांनी वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत दाबून धरायचे.